नाताळांतील पक्षिगणना

एखाद्या आवडत्या सणाला क्रूर चाल चिकटली, म्हणजे समाजापुढें दोन वाटा असतात. ती चाल निषिद्ध ठरवावी, ही एक; तिच्यांतला आनंद तसाच राखून तिचें लक्ष्य तेवढें पालटावें, ही दुसरी. पहिली वाट जवळची दिसते. परंतु ज्याच्या हातून खेळणें हिसकावून घेतलें, त्याचीं बोटें पुन्हां तेंच शोधीत राहतात. दुसऱ्या वाटेनें जाण्यास वेळ लागतो, कल्पकता लागते, आणि मनुष्यस्वभावाविषयीं थोडी सहानुभूतिही लागते. श्रोते हो, नाताळच्या इतिहासांत या दुसऱ्या वाटेचें एक सुंदर उदाहरण आहे. सण साधेपणानें आणि सृष्टीला इजा न करतां कसा साजरा करावा, हा प्रश्न आज घरोघर विचारला जातो. त्याचें एक उत्तर सव्वाशें वर्षांपूर्वीं एका पक्षिशास्त्रज्ञानें देऊन ठेवलें आहे. तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम या सणाचा काळ लक्षांत घेतला पाहिजे. आपल्याकडे डिसेंबरची अखेर म्हणजे हुरड्याचे दिवस. शेतांत दाणा, हवेंत गारवा आणि पांखरांची चंगळ. ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभें राहून गोफण फिरवावी लागते, ती याच सुमारास. उत्तर युरोपांतला देखावा अगदीं उलट असतो. नॉर्वेच्या ऑस्लो शहरीं या दिवसांत सूर्य जेमतेम सहा तास दिसतो. उरलेल्या अठरा तासांची रात्र लहानशा पांखराला दिवसभरांत टिपलेल्या अन्नाच्या बळावर काढावी लागते. जमीन बर्फाखालीं गेलेली, किडे मेलेले वा दडलेले, झुडुपांवरचीं फळें संपत आलेलीं. माणसाच्या घरीं मात्र कोठार भरलेलें असतें आणि सणाचा स्वयंपाक चाललेला असतो. मेजवानी आणि उपासमार यांची अशी शेजारशेजारची मांडणी झाल्यामुळें त्या प्रदेशांत नाताळ आणि पांखरें यांचें नातें फार जुन्या काळापासून जडलें. त्या नात्याचे दोन परस्परविरोधी प्रकार पाहिले, म्हणजे पुढची कथा नीट उमगेल.

पहिला प्रकार दयेचा. नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्क या देशांत नाताळच्या सुमारास ओटची किंवा दुसऱ्या एखाद्या धान्याची न झोडलेली पेंढी उंच काठीला, कोठाराच्या आढ्याला अथवा दारांतल्या झाडाला पांखरांसाठीं बांधून ठेवण्याची चाल आहे. नॉर्वेजियन लोक या पेंढीला ‘यूलेनेक’ म्हणतात. ही चाल निव्वळ भूतदयेंतून निघाली असें समजणें भाबडेपणाचें होईल. पेंढीवर पुष्कळ पांखरें उतरलीं तर येतें वर्ष सुगीचें, अशी शेतकऱ्याची समजूत होती. आतां पोटभर खाऊं घातलें तर पुढें उभ्या पिकाला त्यांचा उपद्रव होणार नाहीं, असाही हिशेब कित्येकांच्या मनांत असे. हेतु कांहींही असो, भर हिवाळ्यांत उपाशी जिवांच्या चोचींत दाणा पडे, हें खरें. श्राद्धाच्या दिवशीं कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांना अशा चालींतलें श्रद्धा आणि व्यवहार यांचें मिश्रण अपरिचित नाहीं. शिवाय या पेंढीचा साधेपणा पाहावा. ती शेतांतून येते, पांखरांच्या पोटांत जाते, आणि सण संपल्यावर उकिरड्यावर फेकावें असें तिच्यांत कांहीं उरत नाहीं.

दुसरा प्रकार याच्या उलट. आयर्लंडांत आणि आइल ऑफ मॅन या बेटावर नाताळच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे सेंट स्टीफनच्या दिवशीं, ‘रेन’ नांवाच्या पांखराची शिकार करण्याची जुनी रीत होती. रेन हा तपकिरी रंगाचा, शेपटी उभी धरणारा, सुमारें दहा ग्रॅम वजनाचा जीव. मुलें आणि तरुण काठ्या घेऊन कुंपणें झोडपीत, त्यास मारीत, हिरव्या डहाळ्यांनीं सजविलेल्या काठीला बांधीत, आणि गाणीं म्हणत दारोदार पैसे मागत. लपून बसलेल्या सेंट स्टीफनचा ठावठिकाणा याच पांखरानें शत्रूला कळविला, अशी एक दंतकथा या शिकारीच्या समर्थनार्थ सांगत. आइल ऑफ मॅनवर त्याचें पीस जवळ असलें तर नाव बुडत नाहीं अशी कोळ्यांची श्रद्धा होती. त्यामुळें मिरवणूक संपेपर्यंत त्याच्या अंगावर पिसें उरत नसत. नवल असें कीं, याच मिरवणुकींतल्या गाण्यांत त्याला पक्ष्यांचा राजा म्हणून गौरवीत.

आज त्या प्रदेशांत तो दिवस पाळला जातो, गाणीं म्हटलीं जातात, नाचही होतो; परंतु पांखरू मारीत नाहींत. आयर्लंडांतल्या कांहीं ठिकाणीं काठीवर खोटें पांखरू असतें. आइल ऑफ मॅनवर फितींनीं व पानांनीं सजविलेला झुडुपासारखा खांब मध्यें धरून लोक फेर धरतात. सण उणा झाला अशी कोणाची तक्रार नाहीं. लोकांना हवी होती ती मिरवणूक, गाणें आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची भेट. पांखराचा प्राण हा त्या सणाचा गाभा कधींच नव्हता. तो गाभा आहे अशी केवळ समजूत होती.

आतां अटलांटिक ओलांडून अमेरिकेंत जाऊं. कारण जें आयर्लंडांत हळूहळू, कोणी एकानें न ठरवितां घडलें, तेंच तेथें एका माणसानें योजनापूर्वक घडवून आणलें. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील पुष्कळ गांवीं नाताळच्या दिवशीं ‘साइड हंट’ नांवाचा खेळ चाले. पुरुषमंडळी दोन पक्षांत वांटून घेत, बंदुका घेऊन रानांत जात, आणि केंसांचें वा पिसांचें जें जें समोर येईल तें तें टिपीत. सायंकाळीं दोन्ही पक्षांचे ढीग मोजावयाचे. ज्यांचा ढीग मोठा ते विजयी. घुबड असो, ससाणा असो, इवलासा गाणारा पक्षी असो, प्रत्येकाचे गुण लागत. मारलेलें खाण्याजोगें आहे कीं नाहीं, हा प्रश्न गौण होता. कित्येकदां अशा शिकारींचे आंकडे नियतकालिकांत अभिमानानें छापून येत.

सृष्टीचें भांडार अक्षय आहे, हा विश्वास या खेळाच्या मुळाशीं होता. त्या विश्वासाला तडा जाण्याचा तोच काळ. पॅसेंजर पिजन नांवाच्या रानटी कबुतरांचे थवे उत्तर अमेरिकेच्या आकाशांतून जाऊं लागले म्हणजे तासन्‌तास संपत नसत. त्यांची संख्या अब्जांच्या घरांत होती. जंगलें तुटलीं, बंदुका व जाळीं वाढलीं, आगगाडीनें मेलेलीं कबुतरें शहरांच्या बाजारांत भराभर पोंचूं लागलीं, आणि शतक संपण्याच्या सुमारास रानांतून हा पक्षी जवळजवळ नाहींसा झाला. पिंजऱ्यांतली शेवटची मादी, मार्था, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत १ सप्टेंबर १९१४ रोजीं मेली. तिच्याबरोबर ती जातच पृथ्वीवरून गेली.

बंदुकीच्या जोडीला फॅशनही होती. स्त्रियांच्या टोप्यांवर पिसें, पंख, कधीं कधीं अख्खें पेंढा भरलेलें पांखरू लावण्याची त्या काळीं रीत होती. १८८६ सालीं न्यूयॉर्कच्या एका बँकेंत नोकरीस असलेल्या फ्रँक चॅपमन नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें एक निराळाच उद्योग केला. पक्षी पाहण्याचा छंद असलेला हा गृहस्थ दोन दिवशीं तिसऱ्या प्रहरीं शहरांतल्या बाजारपेठेंतून हिंडला आणि समोरून येणाऱ्या टोप्या मोजीत गेला. ७०० टोप्या त्यानें पाहिल्या. त्यांपैकीं ५४२ टोप्यांवर पक्षी वा त्यांचीं पिसें होतीं, आणि त्यांत सुमारें ४० जाति त्याला ओळखतां आल्या. रानांत जाऊन पाहावयाचे ते पक्षी या निरीक्षकाला बाजारांत मेलेले भेटले. त्यानें तो आंकडा प्रसिद्ध केला. संतापाचा लेख लोक वाचून विसरतात; आंकडा मात्र मनांत सलत राहतो, हें त्याला तरुणपणींच कळून चुकलें असावें.

पुढें चॅपमननें बँक सोडली आणि १८८८ पासून तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्यूझियम ऑफ नॅचरल हिस्टरी या संस्थेंत काम करूं लागला. मध्यंतरीं १८९६ सालीं बोस्टन येथील हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघी स्त्रियांनीं आपल्या परिचयाच्या प्रतिष्ठित कुटुंबांतील बायकांना चहास बोलावून पिसांच्या टोप्या सोडण्याविषयीं त्यांचें मन वळविलें आणि मॅसेच्युसेट्सची ऑडबन सोसायटी उभी केली. अशा संस्था निघत गेल्या. १८९९ मध्यें चॅपमननें ‘बर्ड-लोअर’ हें नियतकालिक सुरू केलें, तें या चळवळीचें मुखपत्रच झालें.

त्याच पत्राच्या डिसेंबर १९०० च्या अंकांत त्यानें वाचकांपुढें एक सूचना ठेवली. नाताळच्या दिवशीं नेहमींप्रमाणें बाहेर पडावें, रानांत हिंडावें, परंतु पक्षी मारण्याऐवजीं मोजावे. कोणती जात, किती पक्षी, कोणत्या वेळीं व कशा हवेंत दिसले, हें लिहून कचेरीकडे पाठवावें. तें पुढल्या अंकांत नांवानिशीं छापलें जाईल. सूचनेंत एवढेंच होतें.

त्या नाताळांत २७ मंडळींनीं २५ ठिकाणीं गणना केली. कॅनडांतील टोरोंटोपासून पश्चिमेस कॅलिफोर्नियांतील पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत हीं ठिकाणें विखुरलेलीं होतीं. सर्वांनीं मिळून सुमारें ९० जातींचे साडेअठरा हजार पक्षी नोंदले. एवढ्या विस्तीर्ण खंडाच्या मानानें ही सुरुवात अगदींच किरकोळ होती.

या सूचनेंतली खुबी कोठें आहे, हें पाहण्यासारखें आहे. चॅपमननें शिकाऱ्याला घरीं बसविलें नाहीं. थंडीच्या सकाळीं सोबत्यांसह बाहेर पडण्याची मौज त्यानें राखली. पक्षी हुडकून काढण्याचें कसब राखलें. किंबहुना तें वाढविलें, कारण मेलेला पक्षी हातांत धरून ओळखणें सोपें, झाडाच्या शेंड्यावरचा ओळखणें अवघड. चढाओढ राखली. संध्याकाळीं आंकडे सांगण्याची ऐट राखली, आणि तीं नांवें छापून येण्याचें सुखही राखलें. बदललें तें इतकेंच कीं, गुण मिळविण्यासाठीं आतां पांखरानें मरावयाचें कारण उरलें नाहीं. ज्या मोजण्यानें त्यानें टोप्यांवरचे मेलेले पक्षी जगापुढें आणले होते, तेंच मोजणें आतां जिवंत पक्ष्यांच्या कामीं आलें.

मात्र केवळ या गणनेनें पक्षी वाचले, असें म्हणणें इतिहासाला धरून होणार नाहीं. कायद्याची जरूरी होतीच. १९०० सालच्याच मे महिन्यांत अमेरिकेंत लेसी ॲक्ट संमत झाला आणि बेकायदा मारलेल्या पशुपक्ष्यांची एका संस्थानांतून दुसऱ्यांत नेआण करणें गुन्हा ठरलें. १९१८ च्या कायद्यानें स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना व्यापक संरक्षण मिळालें. परंतु कायदा पाळावा असें वाटणारा समाज कायद्याच्या आधीं वा निदान त्याच्या बरोबरीनें घडावा लागतो. ज्या मुलानें नाताळच्या सकाळीं वडिलांबरोबर पक्षी मोजले, तो मोठेपणीं बंदूक घेऊन त्यांच्या मागें लागण्याचा संभव कमीच. कायद्यानें हात आवरला. गणनेनें डोळा घडविला.

हा रोपा पुढें किती वाढला, हें पाहिलें म्हणजे चकित व्हावयास होतें. १९०० पासून ही गणना दर वर्षीं होत आली असून २०२४ च्या डिसेंबरांत तिची १२५ वी खेप सुरू झाली. आतां ती एका दिवसापुरती राहिलेली नाहीं. १४ डिसेंबर ते ५ जानेवारी या अवधींतला कोणताही एक दिवस प्रत्येक ठिकाणचे लोक निवडतात, आणि १५ मैल व्यासाचें एक वर्तुळ आंखून त्यांतले पक्षी मोजतात. अशीं वर्तुळें दोन हजारांहून अधिक आहेत, मोजणारे हजारोंनीं आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेकजण शास्त्रज्ञ नव्हेत. शिक्षक, शेतकरी, विद्यार्थी, निवृत्त गृहस्थ, गृहिणी असे ते साधे लोक आहेत.

या साध्या लोकांच्या वह्यांतून जें ज्ञान निघालें, तें दुसऱ्या कोणत्याही मार्गानें मिळालें नसतें. टकल्या गरुडाची संख्या डीडीटी या कीटकनाशकामुळें किती घटली होती, आणि १९७२ मध्यें अमेरिकेंत त्याच्या वापरावर बंदी आल्यावर ती पुन्हां कशी वाढत गेली, हें ठरवितांना नाताळच्या नोंदी उपयोगी पडल्या. २००९ सालीं चाळीस वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हां ३०५ जातींपैकीं निम्म्याहून अधिक जाति हिवाळ्यांत पूर्वींपेक्षां उत्तरेकडे राहूं लागल्याचें दिसलें. हवा तापत चालल्याची ही पक्ष्यांनीं दिलेली साक्ष होती. २०१९ सालीं, या व अशा इतर गणनांच्या आधारें, १९७० पासून अमेरिका व कॅनडांतून सुमारें तीनशें कोटि पक्षी कमी झाल्याचें शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. त्याच अभ्यासांत पाणथळींतले कांहीं पक्षी आणि गरुडवर्गांतले पक्षी वाढल्याचेंही आढळलें. जेथें माणसांनीं मनावर घेतलें, तेथें फळ आलें. हानि आणि लाभ दोन्ही दिसूं शकले, कारण कोणीतरी शंभरावर वर्षें न कंटाळतां मोजीत राहिलें होतें.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंतही पोंचतो. युरोपांतल्या टोप्यांसाठीं हिंदुस्थानांतूनही बगळ्यांचीं व इतर पक्ष्यांचीं पिसें लंडनच्या बाजारांत जात. १९०२ सालीं सरकारनें पिसांच्या व पक्ष्यांच्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. मुंबईंत १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें पक्षिनिरीक्षणाची परंपरा या देशांत रुजविली. त्याच संस्थेशीं जन्मभर निगडित असलेल्या डॉ. सालिम अली यांच्या १९४१ सालच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ या ग्रंथानें सामान्य वाचकाच्या हातीं पक्षी ओळखण्याची किल्ली दिली. १९८७ पासून जानेवारींत देशभरच्या तळ्यां-धरणांवरील पाणपक्ष्यांची गणना होऊं लागली. तिलाही बळ आहे तें हौशी लोकांचेंच.

शिवाय नाताळचा काळ हा आपल्याकडे पाहुण्या पक्ष्यांचा काळ आहे. उत्तरेच्या ज्या थंडीनें नॉर्वेंतल्या चिमण्यांची उपासमार होते, त्याच थंडीला टाळून असंख्य पक्षी आपल्याकडे उतरतात. नांदूर-मध्यमेश्वरच्या पाण्यावर चक्रवाक आणि थापट्या बदकें येतात; ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवे उभे असतात; ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे लोट येतात; आणि गच्चीवर शेपटी हालवीत दुडदुडणारा धोबी तर शहरांतल्या मुलांनाही दिसतो. वसईंतल्या आणि गोव्यांतल्या ख्रिस्ती घरांत या दिवसांत गोठ्याचा देखावा मांडतात आणि दारीं कागदी चांदणी टांगतात. तेथें शेजारच्या मुलांना जमवून तासभर पांखरें मोजण्याचा एक कार्यक्रम सहज जोडतां येईल. त्यास खर्च नाहीं, विकत आणावयाचें कांहीं नाहीं, मागें कचरा उरत नाहीं. धर्माचीही आडकाठी नाहीं. सुटीचा दिवस सर्वांचाच असतो.

नाताळचें हें उदाहरण इतर सणांनाही लागू पडण्याजोगें आहे. संक्रांतीला नायलॉनच्या मांजानें पांखरें कापलीं जातात, हें आपण जाणतोंच. २०१७ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें त्या मांजावर देशभर बंदी घातली. ती योग्यच होती. परंतु पतंग उडविण्यांतला वारा, गच्ची, चुरस आणि आरोळी यांतलें कांहींही न हिरावतां केवळ ती घातक दोरी मुलाच्या हातांतून कशी सुटेल, याचा विचार घराघरांत झाला पाहिजे. तेथें चॅपमनचीच युक्ति कामास येईल.

तेव्हां यंदां नाताळच्या सुटींत एखाद्या सकाळीं वही व पेन्सिल घेऊन बाहेर पडावें. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाहीं. वहींत तारीख, ठिकाण, वेळ आणि हवा लिहावी. मग एक तासपर्यंत जें पांखरू दिसेल त्याचें नांव व संख्या मांडावी. नांव ठाऊक नसेल तर आकार व रंग टिपून ठेवावा. पुस्तकांत तें सांपडेल. मनाचे आंकडे घालूं नयेत. पूर्वीं ज्या अंगणांत चिमण्या येत, तेथें एकही दिसली नाहीं तर त्या ओळींत शून्य लिहावें, कारण शून्य हीही नोंद आहे. आणि पुढल्या वर्षीं त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं, तीच वही पुन्हां उघडावी.